‘बिकॉज’च्या पाठोपाठ येणारा ‘ही’

‘टॉम अपॉलोजाइज्ड टू जॅक बिकॉज ही…’ हे वाक्य इथेच तोडले, तरी ‘ही’ म्हणजे कोण ते वाचणाऱ्याला बहुधा कळलेले असते. टॉमने जॅकची माफी मागितली, म्हणजे जे काही झाले ते टॉमच्या हातून झाले असणार. आता फक्त क्रियापद बदलू. ‘टॉम ब्लेम्ड जॅक बिकॉज ही…’ टॉमने जॅकला दोष दिला. इथे ‘ही’ जॅककडे वळतो. दोन्ही वाक्यांत माणसे तीच, त्यांच्या जागा त्याच, ‘बिकॉज’ तेच आणि ‘ही’ही तोच. पुढचा मजकूर तर अजून लिहिलेलाच नाही. तरीही वाचणाऱ्याने एकदा टॉमकडे पाहिले आणि एकदा जॅककडे.

इंग्रजी मजकूर वाचणे, तपासणे आणि मराठीत आणणे हे माझे रोजचे काम. अवघड शब्द अडवतात, पण त्यांना शब्दकोश असतो. मला खरे थांबवतात ते ‘बिकॉज ही’, ‘अँड दे’, ‘दॅट शी’, ‘व्हेन इट’ असे जोडीने येणारे इवलेसे शब्द. यांचा अर्थ कुठल्या कोशात पाहायचा? इंग्रजी वाक्यात कोणी काय केले, कोणामुळे केले आणि कोणाला केले हे पुष्कळदा याच सांध्यावर ठरते, आणि हा सांधा शिकवताना मात्र आपण उकलून दोन वेगळ्या धड्यांत ठेवतो. एका धड्यात सर्वनाम, म्हणजे नामाऐवजी येणारा शब्द. दुसऱ्या धड्यात उभयान्वयी अव्यय, म्हणजे दोन शब्द किंवा दोन वाक्ये जोडणारा शब्द. दोन्ही व्याख्या बरोबर आहेत. पण हे दोन शब्द शेजारी आल्यावर एकमेकांचे काय करतात, ते दोन्ही धड्यांत सापडत नाही.

आणि ते शेजारी येतात तरी किती! अमेरिकेतल्या ब्राऊन विद्यापीठाने १९६१ साली छापलेल्या अमेरिकन लिखाणातून सुमारे दहा लाख शब्दांचा संग्रह केला होता. त्यातल्या सर्वांत जास्त वेळा आलेल्या दहा शब्दांत ‘अँड’ तिसरा, ‘दॅट’ सातवा आणि ‘ही’ दहावा आहे. हा छापील भाषेचा हिशेब. बोलण्यात तर ‘आय’ आणि ‘यू’ याहून कितीतरी वर चढतात, कारण बोलणे बहुतेक वेळा मी आणि तू यांच्यातच चालते.

‘बिकॉज ही’कडे परत येतो. कॅथरीन गार्व्ही आणि अल्फॉन्सो कारामाझा या दोघा संशोधकांनी १९७४ मध्ये या गोष्टीचा नीट माग काढला. त्यांचे म्हणणे असे, की काही क्रियापदांच्या पोटातच कारणाची जागा ठरलेली असते. माफी मागण्याचे कारण मागणाऱ्याकडे असते, दोष देण्याचे कारण ज्याला दोष दिला त्याच्याकडे. घाबरवण्याचे कारण घाबरवणाऱ्यात आणि कौतुकाचे कारण ज्याचे कौतुक झाले त्याच्यात. ‘बिकॉज’ हा शब्द कारण मागतो. त्याच्या मागून येणारा ‘ही’ मग जिथे कारण राहते त्या माणसाकडे जातो.

आता ‘बिकॉज’च्या जागी ‘सो’ ठेवून पाहा. ‘टॉम फ्रायटन्ड जॅक बिकॉज ही…’ म्हटले की डोळ्यांपुढे टॉम येतो: त्याने मुखवटा घातला असेल, तो ओरडला असेल. ‘टॉम फ्रायटन्ड जॅक सो ही…’ म्हटले की जॅक पळू लागतो. ‘टॉम अ‍ॅडमायर्ड जॅक बिकॉज ही…’ मध्ये जॅकचा एखादा गुण कळणार असे वाटते. ‘सो ही…’ म्हटले की टॉम आता जॅकसारखे काहीतरी करू लागणार. ‘सो’ परिणाम मागतो, आणि परिणाम ज्याच्यावर झाला तो माणूस वेगळा असू शकतो. एका उभयान्वयी अव्ययाने सर्वनामातला माणूस बदलला. माझ्या दृष्टीने इंग्रजी वाक्यरचनेतली ही सर्वांत सुंदर गोष्टींपैकी एक आहे, आणि ती कुठल्याही विद्यार्थ्याला पाच मिनिटांत दाखवता येते. त्याला फक्त अर्धी वाक्ये द्यायची आणि पुढचे लिही म्हणायचे.

हा कल म्हणजे नियम नव्हे, हेही इथेच सांगायला हवे. ‘टॉम ब्लेम्ड जॅक बिकॉज ही नीडेड अ स्केपगोट.’ टॉमला कुणावर तरी खापर फोडायचे होते. वाक्य अगदी शुद्ध आहे, आणि ‘ही’ जॅक नसून टॉम आहे. पण हे वाचताना मन किंचित अडखळते, लावलेला माणूस काढून दुसरा लावते. डच भाषेतल्या अशाच वाक्यांवर २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत वाचकांची नजर आणि वाचनाचा वेग मोजला होता. त्यात एक नाव पुरुषाचे आणि एक बाईचे होते, म्हणजे सर्वनाम कोणाचे याबद्दल शंकेला जागाच नव्हती. तरी अपेक्षेविरुद्धचे सर्वनाम आले की वाचक त्या शब्दापाशी किंवा लगेच पुढे मंदावत. म्हणजे वाक्य संपेपर्यंत वाट पाहणारा वाचक नसतोच. ‘कारण’ ऐकले की तो माणूस शोधायला निघालेला असतो.

याच सांध्यावर यंत्रांचीही परीक्षा घेतली गेली. टेरी विनोग्राड या संगणकशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये एक वाक्य पुढे ठेवले. त्याचा आशय असा: नगरसेवकांनी आंदोलकांना परवानगी नाकारली, ‘बिकॉज दे फिअर्ड व्हायलन्स’. हिंसेची भीती कोणाला? नगरसेवकांना. आता ‘फिअर्ड’च्या जागी ‘अ‍ॅडव्होकेटेड’ ठेवा, म्हणजे हिंसेचा पुरस्कार केला. आता ‘दे’ म्हणजे आंदोलक. व्याकरणात काहीही हललेले नाही. परवानगी कोण देते, कशासाठी नाकारते, सत्तेवरचा माणूस कशाला भितो हे जगाचे ज्ञान ज्याला आहे त्यालाच ‘दे’ कळते. कॅनडातल्या हेक्टर लेव्हेस्क यांनी २०११ मध्ये अशाच वाक्यांच्या जोड्या यंत्राच्या बुद्धीची कसोटी म्हणून सुचवल्या. २०१६ मध्ये त्यावर स्पर्धा झाली, तेव्हा सर्वांत चांगल्या प्रणालीची निम्म्याहून थोडीच जास्त उत्तरे बरोबर आली. नाणे उडवून ठरवले असते तरी जवळपास तेवढीच आली असती. पुढे मोठी भाषा-प्रारूपे आली आणि २०१९ मध्ये हा आकडा नव्वद टक्क्यांवर गेला. यंत्राला समजते की नाही या वादात मी इथे शिरत नाही. मला त्या कसोटीचे एवढेच वाटते, की अक्कल पाहायला कोणी कठीण गणित निवडले नाही, ‘बिकॉज दे’ निवडले.

‘अँड’चा स्वभाव ‘बिकॉज’हून अगदी वेगळा. तो कारण मागत नाही, परिणामही मागत नाही. शेजारी आणून बसवतो. पण त्याच्याकडे एक मुभा आहे जी ‘बिकॉज’कडे नाही. ‘टॉम केम होम अँड वेंट टू बेड.’ टॉम घरी आला आणि झोपला. दुसऱ्या क्रियापदाला कर्ता लिहिलाच नाही, आणि लिहायची गरजही नाही. ‘बट’ आणि ‘ऑर’ हीच मुभा देतात. मात्र ‘टॉम वेंट टू बेड बिकॉज वॉज टायर्ड’ हे इंग्रजी नव्हे. तिथे ‘ही’ हवाच. ‘व्हेन’, ‘इफ’, ‘ऑल्दो’ यांच्यापुढेही नुसते ‘वॉज’ उभे करता येत नाही. मराठी बोलणारा इंग्रजी लिहायला बसला की हा ‘ही’ हमखास गळतो, आणि का गळतो ते मला पूर्ण समजते. ‘दमला होता म्हणून झोपला’ या मराठी वाक्यात ‘तो’ कुठेच नाही आणि कोणाला त्याची उणीवही भासत नाही. ‘दमला’मध्ये एकवचन आहे, पुल्लिंग आहे. क्रियापदच माणसाला अंगावर घेऊन चालते. इंग्रजी क्रियापदाची ही ओळख शतकानुशतके झिजत गेली. आता ‘वेंट’ म्हटल्यावर मी, तू, तो, ती, आम्ही, ते यांपैकी कोणीही असू शकते. मग ते ओझे सर्वनामाने उचलायचे. म्हणून ‘बिकॉज’च्या मागे ‘ही’ इतक्या नेमाने येतो.

इंग्रजीतही आरंभीचा कर्ता गळतो. रोजनिशीत, घाईच्या निरोपात ‘गॉट अप लेट, मिस्ड द ट्रेन’ असे सर्रास लिहितात. पण या मोकळ्या लिखाणातही सूट मिळते ती मुख्य वाक्याच्या तोंडाशी. ‘मिस्ड द ट्रेन बिकॉज’ इथपर्यंत आले की रोजनिशी लिहिणाराही पुढे ‘आय’ लिहितोच. शिस्त सैल झाली तरी नेमकी कुठे सैल झाली, हे पाहण्यासारखे आहे.

आणि जिथे मुभा असते तिथे ती न घेण्यालाही अर्थ येतो. ‘शी सॅट डाउन अँड रोट अँड वेप्ट.’ बसली, लिहिले, रडली. एकाच ओघात सारे झाले. ‘शी सॅट डाउन, अँड शी रोट, अँड शी वेप्ट.’ आता प्रत्येक कृती स्वतंत्र झाली, प्रत्येकीसाठी ती पुन्हा आपल्यासमोर आली. भाषांतर करताना ही परत परत आलेली ‘शी’ मला टाकवत नाही, आणि प्रत्येक ठिकाणी ‘ती’ लिहिली तर मराठी वाक्य अवघडते. अशा वेळी मी सरळ पूर्णविराम देतो. ‘ती बसली. तिने लिहिले. ती रडली.’ ‘अँड’ जातो, पण तो जिथे थांबवत होता तिथे थांबता येते.

सर्वनाम आधी आणि नाव नंतर, हा तर निराळाच प्रांत. ‘व्हेन ही केम होम, टॉम वॉज टायर्ड.’ इथे ‘ही’ खुशाल टॉम असू शकतो. नाव अजून आलेले नाही, तरी सर्वनामाने त्याची जागा धरून ठेवली. आता ‘व्हेन’ काढून ‘अँड’ने जोडा: ‘ही केम होम, अँड टॉम वॉज टायर्ड.’ आता मात्र घरी आलेला कोणी दुसरा आहे. आणि ‘ही वॉज टायर्ड व्हेन टॉम केम होम’ यातही दमलेला माणूस टॉम नव्हे. भाषाशास्त्रज्ञांनी १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात या प्रश्नाचा पाठपुरावा सुरू केला, आणि नोम चॉम्स्की यांनी १९८१ मध्ये त्याला आपल्या व्याकरणसिद्धान्तात नेमकी जागा दिली. सोपे करून सांगायचे तर, मुख्य वाक्याचा कर्ता सर्वनाम असेल आणि नाव त्याच्या मागून येणाऱ्या गौण वाक्यात असेल, तर ती दोघे एकच व्यक्ती होऊ शकत नाहीत. सर्वनाम गौण वाक्यात असेल, तर ते नावाच्या पुढे चालले काय आणि मागे चालले काय, हरकत नसते. आणि वाक्य गौण की बरोबरीचे, हे कोण सांगते? तोंडाशी उभे असलेले उभयान्वयी अव्यय. ‘व्हेन’ने सर्वनामाला पुढे जाण्याचा परवाना दिला होता, ‘अँड’ने तो दिला नाही.

इंग्रजी वार्तालेखनाला आणि चरित्रलेखनाला ही सोय फार प्रिय. ‘व्हेन शी वॉज नाइन्टीन’ अशी सुरुवात करायची आणि नाव स्वल्पविरामापर्यंत राखून ठेवायचे. मी मराठीत आणताना नाव उचलून पहिल्या जागी आणतो. ‘ती एकोणीस वर्षांची असताना’ अशी सुरुवात मराठी वाचकाला आधीच्या परिच्छेदात कोणी राहून गेले का, असे मागे वळून पाहायला लावते. हल्ली मराठी मजकुरात ही रचना वाढत चालली आहे. मला ती नको वाटते, आणि जिथे माझ्या हाती आहे तिथे मी ती बदलतो.

पण मराठी आणि इंग्रजीत खरे अंतर पडते ते ‘दॅट’पाशी. ‘टॉम टोल्ड जॅक दॅट ही हॅड वन.’ जिंकले कोण? टॉम की जॅक? वाक्यातून ठरत नाही. मराठीत हा प्रश्न उभाच राहत नाही: ‘टॉम जॅकला म्हणाला की मी जिंकलो’, नाहीतर ‘की तू जिंकलास’. आपला ‘की’ बोलणाऱ्याचे शब्द बोलणाऱ्याच्या जागेवरून येऊ देतो. ‘की’पलीकडचा ‘मी’ हा टॉम. इंग्रजी ‘दॅट’ असे होऊ देत नाही. त्याच्यापलीकडची सगळी सर्वनामे सांगणाऱ्याच्या जागेवरून मोजायची. टॉमचा ‘मी’ तिथे ‘ही’ होतो, जॅकचा ‘तू’ही ‘ही’ होतो, आणि दोन निरनिराळी माणसे एका शब्दात येऊन बसतात. मराठी मुले ‘ही सेड दॅट आय अ‍ॅम कमिंग’ लिहितात तेव्हा त्यांनी काळ चुकवला, सर्वनाम चुकवले अशा दोन खुणा लाल शाईने होतात. खरे तर ‘की’चा अधिकार त्यांनी ‘दॅट’ला दिलेला असतो. शिकवणाऱ्याने हे एकदा समोर मांडले, तर रूपांतराचे कोष्टक पाठ करण्यापेक्षा मूल लवकर वळणावर येते, असा माझा अनुभव आहे.

बोलण्यात हा ‘दॅट’ बहुतेकदा गळतो, आणि तो कुठे गळतो यातही सर्वनामाचा हात आहे. सँड्रा थॉम्पसन आणि अँथनी म्युलॅक यांनी १९९१ मध्ये इंग्रजी संभाषणे तपासून दाखवले, की ‘आय थिंक’, ‘आय गेस’ यांच्यामागे ‘दॅट’ क्वचितच येतो. हे शब्द म्हणजे जवळजवळ ‘बहुधा’सारखे क्रियाविशेषणच झाले आहेत. पुढच्या वाक्याचा कर्ता सर्वनाम असेल तर ‘दॅट’ गळण्याची शक्यता आणखी वाढते. मला पटणारे कारण असे: ‘आय नो हर’ म्हटले की वाक्य मिटले, ‘आय नो शी…’ म्हटले की नवे वाक्य उघडले. ‘शी’, ‘ही’, ‘वुई’, ‘दे’ ही रूपे कर्त्याचीच असल्याने तीच दाराशी उभी राहून पुढे वाक्य आहे असे कळवतात. मग ‘दॅट’ला निराळे काम उरत नाही. नाम असेल तर ही खूण नसते, म्हणून ‘आय बिलीव्ह द बॉय…’ इथे वाचक क्षणभर फसू शकतो: मुलावर विश्वास आहे, की मुलाबद्दल काही वाटते?

कर्त्याचे रूप आणि कर्माचे रूप यांचा विषय निघाला की ‘यू अँड आय’ आणि ‘यू अँड मी’ यांचे जुने भांडण येतेच. ‘बिटवीन यू अँड आय’ हे आजच्या पिढीने बिघडवलेले इंग्रजी आहे, अशी तक्रार पुष्कळदा ऐकू येते. शेक्सपिअरच्या व्हेनिसच्या व्यापाऱ्याच्या नाटकात अँटोनिओ मित्राला पत्र लिहितो, त्यात हीच रचना आहे. ते नाटक १६०० साली छापले गेले. म्हणजे हा घोळ असलाच तर चारशे वर्षांहून जुना आहे. ‘मी वेंट’ असे कोणी इंग्रज मूल फार काळ म्हणत नाही, पण ‘मी अँड टॉम वेंट’ मोठी माणसेही सहज म्हणतात. ‘बिटवीन आय’ कोणी म्हणत नाही, पण ‘बिटवीन यू अँड आय’ म्हणतात. मधे ‘अँड’ आला की त्याच्या कुशीत शिरलेल्या सर्वनामापर्यंत क्रियापदाची किंवा शब्दयोगी अव्ययाची सत्ता नीट पोहोचत नाही. मग रूप ठरते ते जागेवरून आणि वळणावरून: आधी असेल तर ‘मी’, शेवटी असेल तर ‘आय’. ‘आय अँड टॉम’ किती कमी ऐकू येते ते आठवून पाहा. शाळेत ‘टॉम अँड आय’ म्हण, असे बजावले जाते, कारणासकट सांगितले जात नाही; मूल मग ‘अँड आय’ हा एकच अखंड शब्द असल्यासारखा जपते आणि कर्माच्या जागीही ठेवते. औपचारिक लिखाणात मी ‘बिटवीन यू अँड मी’च ठेवतो. दुसऱ्या माणसाला बाजूला काढून उरलेले वाक्य वाचून पाहिले की कुठले रूप हवे ते कळते. पण ‘अँड आय’ म्हणणाऱ्या माणसाच्या शिक्षणावर बोट ठेवावे असे मला कधीच वाटले नाही.

‘दॅन’चे भांडण याच घराण्यातले. रॉबर्ट लोथ, जे पुढे लंडनचे बिशप झाले, त्यांनी १७६२ च्या आपल्या व्याकरणात सांगितले की ‘दॅन’नंतरचे सर्वनाम न लिहिलेल्या क्रियापदाप्रमाणे ठरवावे. ‘ही लव्ह्ज यू मोर दॅन आय’ म्हणजे माझे तुझ्यावर जितके प्रेम आहे त्याहून त्याचे जास्त. ‘दॅन मी’ म्हणजे त्याचे माझ्यावर जितके, त्याहून तुझ्यावर जास्त. अर्थामध्ये इतका फरक पडत असेल, तर लोथ यांचे ऐकावे. ‘टॉलर दॅन मी’मध्ये काहीच फरक पडत नाही, तिथे लोक जे बोलतात ते बोलू द्यावे.

एके काळी इंग्रजीत या सगळ्याला वळसा घालणारा एक मार्ग होता. प्राचीन इंग्रजीत द्विवचनी सर्वनाम होते, ‘विट’, म्हणजे आम्ही दोघे. संस्कृतातले ‘आवाम्’ ज्यांना आठवते त्यांना ते ओळखीचे वाटेल. ‘विडसिथ’ या जुन्या कवितेतला भाट आपल्या जोडीदाराबद्दल सांगताना ‘विट शिलिंग’ म्हणतो. शब्दशः ‘आम्ही दोघे शिलिंग’, अर्थ ‘शिलिंग आणि मी’. मधे ‘अँड’ नाहीच. तो सर्वनामातच मुरलेला आहे. दोघांपैकी एक मी, दुसऱ्याचे नाव सांगितले की झाले. तेराव्या शतकाच्या सुमारास ही द्विवचने लोपली. त्यांच्यासाठी मला हळहळ वाटते. एका शब्दात दोन माणसे इतक्या जवळ बसलेली इंग्रजीत पुन्हा दिसली नाहीत.

जुनी सर्वनामे गेली तशी नवीही आली, आणि तीही परक्या घरातून. ‘दे’, ‘देम’, ‘देअर’ ही स्कँडिनेव्हियन वसाहतकऱ्यांची देणगी. ‘दो’, म्हणजे ‘जरी’, हे उभयान्वयी अव्ययसुद्धा त्यांचेच. नावे, वस्तू, क्रियापदे भाषा एकमेकींकडून नेहमी घेतात. सर्वनाम आणि उभयान्वयी अव्यय घेतले जाणे म्हणजे दोन समाज एका घरात नांदल्याची खूण. हा बदल हळूहळू झाला. चौदाव्या शतकाच्या अखेरीस कवी चॉसर ‘दे’ लिहीत होता, पण ‘देम’च्या जागी अजून जुने ‘हेम’ वापरत होता. त्याच चौदाव्या शतकापासून हा ‘दे’ एकट्या माणसासाठीही लेखी सापडतो. ‘इफ टॉम ऑर मेरी कॉल्स, टेल देम…’ फोन दोघांपैकी एकाचाच येणार, पण तो की ती हे ‘ऑर’मुळे उघडे राहिले. ‘हिम’ लिहावे तर मेरी सुटते, ‘हर’ लिहावे तर टॉम. ब्रिटिश संसदेने १८५० मध्ये कायद्यापुरते जाहीर केले होते, की पुल्लिंगी शब्दांत स्त्रियांचाही समावेश मानावा. बोलणाऱ्यांनी मात्र ‘ऑर’पुढे ‘देम’च ठेवला, आणि मला बोलणाऱ्यांचा निवाडा अधिक न्याय्य वाटतो.

हे झाले कागदावरचे. कानावर पडताना हे शब्द आणखी जवळ येतात. ‘अँड ही’ रोजच्या बोलण्यात ‘अनी’ होते, ‘इफ ही’चे ‘इफी’, ‘व्हेन ही’चे ‘वेनी’, ‘बिकॉज ही’चे ‘कझी’. आघात नसलेल्या सर्वनामाचा ‘ह’ उडतो आणि आधीच्या अव्ययाचे शेवटचे व्यंजन त्याला आपल्याकडे ओढून घेते. इंग्रजी चित्रपट पाहताना वेग जास्त वाटतो त्यात मोठा वाटा यांचा आहे. आपण दोन शब्दांची वाट पाहत असतो आणि एकच येऊन गेलेला असतो. याला आळस म्हणू नये. ‘इट’ हा शब्द मुळात ‘हिट’ होता; हाच ‘ह’ असाच आघाताविना राहून राहून कायमचा गेला. बोलण्यातला ‘एम’सुद्धा ‘देम’चा तुकडा नव्हे, तो चॉसरच्या ‘हेम’चा ‘ह’ गेलेला वंशज आहे.

पण हा ‘ह’ परतही येतो, आणि येतो तेव्हा अर्थ उलटवून येतो. ‘टॉम पुश्ड जॅक, अँड देन ही पुश्ड हिम.’ हे सपाट, ‘देनी पुश्टिम’ असे म्हटले, तर टॉमनेच जॅकला पुन्हा ढकलले. आता ‘ही’वर आणि ‘हिम’वर जोर द्या, दोन्ही ‘ह’ स्वच्छ ऐकू येऊ द्या. आता ढकलणारा जॅक आहे आणि मागे कोलमडणारा टॉम. लिहिताना हे दोन्ही एकाच अक्षरओळीत मावतात. म्हणून अशी ओळ भाषांतराला आली की मी ती आधी मोठ्याने वाचतो, दोन्ही परींनी, आणि आजूबाजूची वाक्ये कुठला ‘ही’ मागतात ते ऐकून मगच मराठीत जॅकचे नाव लिहायचे की टॉमचे, ते ठरवतो.